भुरीचा शब्द

खांडबारा, १२ नोव्हेंबर १९३२

आज भुरी बोलली.

भाद्रपदात तिची आई गेल्यापासून या पोरीच्या तोंडून मी शब्द ऐकला नव्हता. लोणखेड्याला सासरवाडीच्या घरी फुली बाळंत झाली, बाळ दोन दिवसांत गेलं आणि मागोमाग तापात फुलीही गेली. तेव्हा भुरी साडेतीन वर्षांची. सासूबाई म्हणत होत्या, पोर इथंच राहू द्या. मी दसऱ्यानंतर हट्टानं घेऊन आलो. पोरीसाठी आणलं असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे शाळेमागच्या या दोन खोल्यांत एकटा शिरायची मला भीती वाटत होती.

दिवसभर तिला मार्था सांभाळते. गावातल्याच मावची जमातीच्या घरातली, मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलते. नवरा अब्राहाम जंगल खात्याच्या कामावर लाकूड तोडायला जातो. लग्नाला सहा-सात वर्षं झाली, मूल नाही. ख्रिस्ती बाईच्या हाती पोर दिली हे आमच्या समाजात कळलं तर काय म्हणतील याचा विचार मी आता सोडला आहे. पहिले आठ दिवस मी माझी भाकरी स्वतः थापली. नंतर मार्था थापते आणि मी खातो.

आज शाळा सुटल्यावर आत आलो तर मार्था भाकरी मोडत होती. मी सहज विचारलं, "कोण खाणार?" कोपऱ्यातून भुरी म्हणाली, "आय."

माझ्या हातातली टोपी खाली पडली. फुलीला ती आयच म्हणायची. आमच्याकडे सगळे माय म्हणतात, पण मास्तराच्या घरात शुद्ध हवं म्हणून आई म्हणायला मीच शिकवलं होतं. तिला शेवटची ई यायची नाही.

मी तिला जवळ घेतलं. ती भाकरीकडे हात करत राहिली.


१६ नोव्हेंबर

रोज म्हणते. सकाळी उठल्यावर, कवाड उघडताना, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायची वेळ झाली की. एकच शब्द. आवाज मात्र पूर्वीसारखा नाही. नाकातून येतो, चोंदल्यासारखा. ऐकू येतं तसं लिहायचं तर डोक्यावर टिंब द्यावं लागेल. आंय.

रडून रडून नाकात काही बिघाड झाला असेल का? पण ती माझ्यासमोर कधी रडत नाही. कदाचित मी शाळेत असताना रडत असेल. मार्थाला विचारलं. ती म्हणाली, "नाही मास्तर, दिवसभर खेळते." मला वाईट वाटू नये म्हणून असं सांगत असावी.


२३ नोव्हेंबर

शाळेत बारा-तेरा पोरं येतात. त्यांनी फक्त मराठीतच बोलावं असा माझा नियम आहे. इन्स्पेक्टरसाहेब आले तर मला उत्तर द्यावं लागेल. पण या पोरांनाही नाकात बोलायची खोड आहे. 'मी घरी जातो' म्हणायला सांगितलं की आधी घशात काहीतरी 'आंय' असं अडखळतात, मग जीभ चावतात आणि 'मी' म्हणतात. संकोचानं होत असेल. आज सगळ्यांना फळ्यासमोर उभं करून दहादा 'मी' म्हणायला लावलं.

घरी आलो तर भुरी पाटावर बसून स्वतःच्या छातीवर हात ठेवून मार्थाला तेच सांगत होती, आंय, आंय. छातीत दुखतंय का विचारलं. मान हलवून नाही म्हणाली.

नवापूरला मिशनच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण मडम आली आहे म्हणतात. रविवारी दाखवून आणावं.


२७ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीनं नवापूरला गेलो. मार्थाही बरोबर आली. स्टेशनाबाहेर भुरीला पाणी पाजून ती मावशीकडे गेली, आम्ही दवाखान्यात.

मडम चाळिशीची, उंच, उन्हानं लाल झालेली. येऊन महिना झालाय. मराठी पुस्तकातून शिकलेली, सावकाश पण नीट बोलते. तिनं भुरीच्या नाकात बघितलं, घसा बघितला. मग म्हणाली, "मास्तर, नाक मोकळं आहे. सर्दी असली तर आवाज नाकातून येत नाही, उलट नाकात जाणं बंद होतं. 'माझं' म्हणायचं तर 'बाझं' होतं."

तिनं टेबलावरचा छोटा आरसा घेतला, भुरीच्या नाकाखाली धरला आणि मला म्हणाली, "तो शब्द म्हणायला सांगा."

भुरी तोंड मिटून बसली. मडमनं बिस्किट पुढे केलं आणि विचारलं, "कोणाला पाहिजे?"

"आंय," भुरी म्हणाली. आरशावर वाफ धरली. मग मडमनं तिला 'आ' म्हणायला लावलं, तेव्हा आरसा स्वच्छ.

"पाहिलंत? ती मुद्दाम नाकातून काढते. रोग नाही. तिला तसंच म्हणायचं आहे."

मग ती स्वतःच आरसा नाकाखाली धरून उभी राहिली. तिची भाषा फ्रेंच, स्वित्झर्लंडमधल्या डोंगराकडची. 'बो' म्हणाली तर वाफ नाही. 'बों' म्हणाली तर वाफ. पहिल्याचा अर्थ सुंदर, दुसऱ्याचा चांगला. "आमच्यात नाक मिटलं तर माणूस अर्धा मुका," ती म्हणाली. पोर्तुगीज लोकांचंही तसंच. तिची एक मैत्रीण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथल्या बोलीत एकच शब्द तोंडातून म्हटला तर एक अर्थ आणि नाकातून म्हटला तर दुसराच. मैत्रिणीला ते कळायला वर्ष लागलं. तोवर लोक तिच्याशी फार जपून बोलायचे.

"तुमच्या मराठीत कसं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की आम्ही 'घरांत', 'नांव', 'कांहीं' यांवर टिंबं देतो, ती चुकली तर मुलांचे मार्क कापतो, पण तोंडानं म्हणत मात्र कोणी नाही. कोकणातले काही म्हणतात, त्यांना पुण्यात हसतात. मडमला गंमत वाटली. "पूर्वी कोणीतरी म्हणत असेल," ती म्हणाली. "आवाज गेला, टिंब राहिलं."

हे ऐकून मला का कोण जाणे फुलीची आठवण आली.

निघताना मडमनं विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय?"

"आई," मी म्हणालो.

तिनं आरसा टेबलावर ठेवला. "बिस्किट कोणाला पाहिजे विचारलं तर ती आई म्हणते?"

"तिला सगळीकडे आईच दिसते, मडम."

मडम अजून काहीतरी विचारणार होती, पण बाहेर एक विंचू चावलेला माणूस आणला, त्यामुळे राहून गेलं. स्टेशनावर मार्थाला सांगितलं, नाक चांगलं आहे. ती म्हणाली, "चांगलंच आहे मास्तर." तिला त्यात नवल वाटलं नाही.


४ डिसेंबर

फार विचार केला. औषध नाही म्हणजे हे मनाचं दुखणं. पोर आईसाठी झुरते आहे आणि मी तिला जिथं आईचं एक लुगडंही नाही अशा रानात घेऊन बसलो आहे. सासूबाईंचा चेहरा फुलीसारखा, आवाज तर हुबेहूब. त्यांच्याजवळ ती शांत होईल. आज लोणखेड्याला पत्र टाकलं, येऊन भुरीला घेऊन जा.

मार्थाला सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. "बरं," म्हणाली आणि सूप हलवत राहिली. मला वाटलं होतं तिला थोडं तरी वाईट वाटेल. पण शेवटी ती कामाला ठेवलेली बाई. तिच्याकडून किती अपेक्षा करायची?

संध्याकाळी तिचे डोळे लाल होते. ओली लाकडं फार धूर करतात. उद्या सुकी मागवली पाहिजेत.


२५ डिसेंबर

ख्रिस्ती लोकांचा नाताळ. मार्था सकाळीच भुरीला आपल्या घरी घेऊन गेली. दुपार कलली तरी आली नाहीत म्हणून मी गेलो.

कुडाचं घर, अंगण सारवलेलं, दारावर झेंडूच्या माळा. आत बरंच हसणं चाललं होतं. एक बारीक आवाज काहीतरी लांबलचक सांगत होता, मधेच थांबत होता, पुन्हा सगळे हसत होते. मी उंबऱ्याशी गेलो तर भुरी मार्थाच्या सासूच्या, सोमीबाईच्या मांडीवर बसलेली. मला पाहिलं आणि आवाज बंद झाला. कोण बोलत होतं कळलं नाही. शेजारचं एखादं पोर असेल, मागच्या दारानं पळालं असेल.

अब्राहामनं बाज पुढे ओढली, गुळाचा चहा दिला. "मास्तर, तुमची पोरगी लय बोलते," तो म्हणाला. बिचारा भला माणूस आहे. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलला. भुरी माझ्याकडे बघत होती. वर्गात एखादं पोर उत्तर येत असून बोलत नाही आणि मास्तराच्या तोंडाकडे बघत राहतं, तशी.

घरी येताना तिला खांद्यावर घेतलं. वाटेभर गप्प होती. मी म्हटलं, "आता आजीकडे जायचं हं." तिनं माझे केस घट्ट धरले.


२ जानेवारी १९३३

सासूबाई आल्या. नाव गंगीबाई, मी त्यांना मामी म्हणतो. वय साठीच्या आसपास, पण या तीन महिन्यांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या आहेत. लोणखेड्याहून प्रकाशा गावापर्यंत बैलांच्या दमणीनं, तापी उतरून नंदुरबार, तिथून गाडी. बरोबर भुरीसाठी नवं झबलं आणि डब्यात सांजोऱ्या.

भुरी मार्थाच्या पदरामागे जाऊन उभी राहिली.

"ये ना माय, मी तुन्ही आजी शे," सासूबाई अहिराणीत म्हणाल्या. "तुले लेवाले उनू ना मी."

आवाज अगदी फुलीचा. मलाच बघवेना. भुरीनं पदर सोडला नाही. सासूबाईंनी सांजोरी पुढे केली आणि विचारलं, "कोन खाई?"

"आंय."

सासूबाईंच्या हातातून डबा सुटला. "दखा," म्हणाल्या, "मन्ही फुलीले हाका मारी ऱ्हायनी." आणि भिंतीला टेकून रडू लागल्या. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.

आत मार्था काहीतरी बोलायला लागली होती, "आजी, ते..." पण सासूबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्यांनी तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. मी विहिरीवरून शेंदून आणून दिलं. मार्थानं मुकाट्यानं डबा पुसून कोनाड्यात ठेवला. आता माझ्याशीही काही बोलत नाही.


५ जानेवारी

जे घडलं ते आजच लिहून ठेवतो.

नंदुरबारची गाडी सकाळी होती. अब्राहामनं ट्रंक डोक्यावर घेतली. मार्था मागून आली. भुरीच्या कपड्यांचं बोचकं तिनंच बांधलं होतं. ते हातात न देता छातीशी धरून चालत होती. फलाटावर आठ-दहा माणसं, मालडब्यात चढवायचे लाकडाचे ओंडके. भुरी माझ्या कडेवर. तिला तोवर बहुतेक वाटत होतं की आम्ही पुन्हा मडमकडेच चाललो आहोत.

गाडी आली. सासूबाई डब्यात चढल्या आणि हात पुढे केले. मी भुरीला उचलून द्यायला लागलो आणि पोर अशी ताठ झाली की मला सावरेना. तिनं माझ्या दंडाला धरलं, दुसऱ्या हाताच्या मुठीनं स्वतःच्या छातीवर मारायला लागली.

"आंय नाय जात. आंय नाय जात. आंय आठें ऱ्हाणार."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्यासमोर ती इतकी बोलली. अर्धं मराठी, अर्धं काय कोण जाणे. मी मूर्खासारखा म्हणालो, "आई इथं नाही बाळा. आई इथं राहणार नाही."

मागे मार्था उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, ती आई नाही म्हणत."

"मग?"

"आंय म्हणते. आमच्या बोलीत आंय म्हणजे मी."

इंजिनाची वाफ सुटत होती. मला नीट ऐकू आलं की नाही कळेना. मार्थानं पुन्हा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश. "मी नाही जात, म्हणते. मी इथं राहणार, म्हणते."

कोण खाणार, मी. बिस्किट कोणाला, मला. कोंबड्यांना दाणे कोण टाकणार, मी. माझ्यासमोर फळ्याशी उभी केलेली पोरं, आधी आंय आणि मग जीभ चावून मी. सहा महिने मी या गावात मास्तर आहे आणि या लोकांना 'मी'ला काय म्हणता एवढंही विचारलं नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हांला माहीत आहे," मार्था म्हणाली. "तुम्ही मास्तर आहात. मग आजी आल्या तेव्हा कळलं, तुम्हांला माहीत नाही. तेव्हा सांगायला गेले, तर त्यांनी पाठ फिरवली. मग मीच म्हटलं, मी सांगणारी कोण? मी सांगितलं तर म्हणाल, हिला पोर सोडवत नाही, म्हणून सांगते."

मी विचारलं, "तुमच्यात आईला काय म्हणतात?"

तिनं बोचक्याची गाठ उगाच आवळली. "याहकी."

"ते म्हणते कधी?"

"एकदा म्हणाली. मला." मार्था भुरीकडे बघत नव्हती. "मी म्हणू दिलं नाही. तिला सांगितलं, तुझी याहकी दुसरी होती, लय चांगली होती, तिचं नांव फुली. मी मार्था. मला मार्था म्हण."

डब्याच्या दारातून सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना मराठी समजतं, उलगडायला थोडा वेळ लागतो. त्यांनी मला विचारलं, "मंग ती मन्ही फुलीले हाका नई मारी ऱ्हायनी?"

"नाही मामी. ती 'मी' म्हणते आहे."

गार्डानं शिट्टी दिली. मी भुरीला धरून तसाच उभा. मला ठरवता येत नव्हतं, हे कबूल करायला हवं. इतकी लांबून आलेली म्हातारी, तिची लेक गेली, आता नातही देऊ नये? सासूबाईंनी आधी ट्रंक पायानं दाराशी ढकलली. मग दांडीला धरून हळूहळू स्वतः उतरल्या. अब्राहामनं पुढे होऊन त्यांना हात दिला आणि त्यांनी तो धरला.

गाडी गेली. फलाटावर आम्ही पाचजण राहिलो.

सासूबाई ट्रंकेवर बसल्या. बराच वेळ रुळांकडे बघत होत्या. मग मार्थाला म्हणाल्या, "बाई, मी तुले वळखी नई."

मार्थाला अहिराणी येत नाही. पण तिनं मान खाली घातली.

"माले तहान लागनी," सासूबाई म्हणाल्या.

मी स्टेशनाच्या माठाकडे निघालो, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि मार्थाकडे बघत राहिल्या. मार्था गेली, लोटा भरून आणला. सासूबाई प्यायल्या.


९ जानेवारी

घरात बोलणं आहे. भुरी माझ्यासमोरही बोलते. तिच्या मनात बहुधा असं होतं की बापाला तिची भाषा आवडत नाही. शाळेची भिंत पातळ आहे. 'नाकात बोलू नका' हे माझं ओरडणं तिनं रोज पलीकडून ऐकलं असणार.

मला सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचवेळी दुसरं काहीतरी टोचतं. ती आईला हाका मारते असं मी समजत होतो, तोवर घरात निदान कोणी फुलीला हाक मारणारं होतं. आता कळलं, मारत नव्हतं. मीही मारत नव्हतो. आज सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहान शे ती. तिले कोनी सांगं तं याद ऱ्हाई." मी तिच्यापुढे फुलीचं नावच काढत नसे. मार्थाशिवाय कोणी काढलं नाही.

शाळेत आज पोरांना म्हटलं, मी म्हणजे आंय, आंय म्हणजे मी. दोन्ही म्हणा. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग मी म्हणून दाखवलं. मला जमेना, आवाज घशातच राहिला. सगळा वर्ग हसला आणि मीही.


१५ जानेवारी

सासूबाई उद्या लोणखेड्याला जाणार. एकट्याच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भुरीला घेऊन जाईन आणि होळीला त्या इकडे येतील, असं ठरलं. ठरवलं त्यांनीच. गावात नातलग काय म्हणतील, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी जित्ती शे तवलोंग कोनी काही नई बोलाव."


१२ मार्च

होळीसाठी सासूबाई आल्या. बरोबर गव्हाच्या कुरडया आणि फुलीचं एक जुनं अंजिरी लुगडं. त्याची भुरीसाठी गोधडी शिवायची म्हणाल्या. दुपारी अंगणात मोहाखाली बसून शिवायला घेतली. समोरून मार्था टाके घालत होती. इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले आहेत, सातवा महिना आहे, वाकता येत नाही, म्हणून गोधडीची कड मांडीवर ओढून घेतली होती. भुरी दोघींच्या मध्ये.

मी दारात बसून मुलांच्या पाट्या तपासत होतो. सासूबाई फुलीच्या लहानपणाचं सांगत होत्या. फुली भुरीएवढी असताना ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला बापाबरोबर गेली, माळ्यावर चढली आणि तिथंच झोपली. बाप विसरून घरी आला. संध्याकाळी सगळं गाव शोधतंय, विहिरीत गळ टाकले, आई छाती बडवतेय, आणि ही माळ्यावर उठून बसली आणि गावाकडे बघून पाखरं हाकायला लागली. सगळ्यांनी हाका ऐकल्या आणि धावले.

मार्थाला अहिराणीतलं अर्धंच कळलं. ती भुरीकडे बघायला लागली. मग भुरीनं तिला सगळं पहिल्यापासून मावचीत सांगायला घेतलं. हातवारे करून, उभी राहून, पाखरं हाकून. मला आता थोडं थोडं कळतं. बाप कळला, शेत कळलं. माळ्यावर कोण चढलं तेही कळलं. भुरी म्हणत होती, आंय. आंय चढले, आंय झोपले, आंय उठले. प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून.

मार्थाचा टाका थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. चूक सुधारावी का, असं विचारत असावी. मी मान हलवली, नको.

सासूबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता मला विचारलं, "काय सांगी ऱ्हायनी ती?"

"फुलीचंच सांगते आहे, मामी," मी म्हणालो.

"बराबर सांगस ना?"

"अगदी बरोबर."